चालकसाहाय्य प्रणाली आणि वाहनातील डिस्प्ले

पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी, लेन सोडू न देणारी, वेळप्रसंगी स्वतः ब्रेक लावणारी चालकसाहाय्य प्रणाली (रूढ नाव ‘एडास’) या क्षणी काय करते आहे, हे चालकाला कळते ते मुख्यतः डिस्प्लेवरून. रडार बंपरमागे, कॅमेरा काचेमागे. चालकासमोर असते ते फक्त चित्र. प्रणालीवर किती विसंबायचे हेही मग बरेचदा ते चित्रच ठरवते.

एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या जे३०१६ या स्वयंचलनाच्या वर्गीकरणानुसार (२०१४) दुसऱ्या स्तरापर्यंत रस्त्यावर लक्ष चालकानेच ठेवायचे असते. घोळ होतो तो नेमकी कोणती सुविधा चालू आहे हे ओळखण्यात. विमानांच्या बाबतीत हा घोळ जुना आहे. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्गजवळ एअर इंटर या कंपनीचे ए३२० विमान कोसळून ८७ जण दगावले. वैमानिकांना उतरणीचा ३.३ अंशांचा कोन हवा होता, पण मिनिटाला ३,३०० फूट उतरण्याचा वेग निवडला गेला, ही शक्यता चौकशीत पुढे आली. पॅनेलवर कोनाचा आकडा ३.३ असा दिसे, ३,३०० फुटांचा ३३ असा. मध्ये फक्त दशांशचिन्ह.

टेस्लाच्या ऑटोपायलट या चालकसाहाय्य प्रणालीत (२०१५) स्टिअरिंगचे चिन्ह करडे असेल तर सुविधा उपलब्ध, निळे झाले तर चालू. मॉडेल ३ मध्ये (२०१७) तर स्टिअरिंगमागचा मीटरच काढला. सगळे मधल्या १५ इंची स्क्रीनवर. आजूबाजूची वाहनेही तिथेच उमटतात. शेजारचा ट्रक चित्रात दिसला की चालक निर्धास्त होतो, चित्र थरथरले की धास्तावतो. वास्तविक चित्रात ट्रक उमटला म्हणून त्याच्यासाठी ब्रेक लागेलच, असे नाही.

जनरल मोटर्सच्या सुपर क्रूझ या तशाच प्रणालीत (२०१७) स्टिअरिंगच्या कडेवर प्रकाशपट्टी आहे: हिरवी म्हणजे चालू, निळी म्हणजे चालक स्वतः वळवतो आहे, लाल म्हणजे ताबा घ्या. दिसायला साधी, पण सांगण्यात अधिक स्पष्ट.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या सुमारे २० लाख गाड्यांचा रिकॉल (दोष दुरुस्तीची मोहीम) झाला. ऑटोपायलटचे स्क्रीनवरील इशारे ठळक करणे हा त्यातल्या दुरुस्तीचा एक भाग होता. दोनच महिन्यांनी सुमारे २२ लाख गाड्यांचा आणखी एक रिकॉल झाला, तो ब्रेक, पार्किंग आणि एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेच्या) इशाऱ्यांची अक्षरे फार बारीक म्हणून.

चाकणला तयार झालेल्या महिंद्रा एक्सयूव्ही७०० पासून (२०२१) एडास हा शब्द मराठी ग्राहकाच्या तोंडी रुळला. रस्त्यावरचे पट्टे पुसट झाले की लेनचे चिन्ह विझते. दुचाकी आडव्या आल्या की इशारे वाजत राहतात. वैतागून काही जण मेनूत जाऊन ते बंद करतात. काही गाड्यांत मात्र पुढच्या वेळी गाडी सुरू करताच ते आपोआप चालू होतात.