सुविचाराने मूल प्रामाणिक होते का?

नागपुरातील मराठी शाळांचा दिवस परिपाठाने सुरू होतो, आणि रोज फळ्यावरचा सुविचार वाचून एक बोधकथा ऐकली की मूल आपोआप प्रामाणिक होते, हा पालकांमधील समज फार जुना आहे. तो बरोबर नाही. अमेरिकेत 1920च्या दशकात हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी सुमारे 11 हजार शाळकरी मुलांना पारखले. त्यांनी उत्तरपत्रिकांची गुपचूप नक्कल करून ठेवली आणि मूळ पत्रिका मुलांनाच तपासायला दिल्या, त्यामुळे कोणी उत्तर बदलले ते नेमके कळे. योग्य काय हे ठाऊक असलेली मुलेही संधी मिळताच फसवत, आणि एका प्रसंगी खरी वागणारी दुसऱ्या प्रसंगी तशी वागतीलच असे नसे. परिपाठ बंद करावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु शिक्षकांनी स्वतःची चुकलेली बेरीज वर्गासमोर मान्य करून दुरुस्त करणे आणि काच फुटल्याचे सांगायला आलेल्या मुलाचे शांतपणे ऐकून घेणे माझ्या मते अधिक मोलाचे आहे, कारण खरे बोलल्यावर मार बसत असेल, तर मूल लपवायलाच शिकते. शारीरिक शिक्षेला तर शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्येच मनाई केली आहे.