तेलातला बुडबुडा कॉम्प्युटरमध्ये कसा शिरला

पुतण्या परभणीहून फोन करून विचारायलाय, काका, गॅसचे बुडबुडे कच्च्या तेलात दाबाखाली कसे विरघळतात ह्याचं सिम्युलेशन (म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली नक्कल) प्रोजेक्टला घेतलंय, ते सॉफ्टवेअर मुळात आलं कुठून ते सांगा. आता आपल्याकडं खाली नुसता काळा पाषाण, तेलाचा थेंब नाही, पण पोरगं कुठं कुठं हात घालतंय बगा. म्हणून हे जरा सविस्तर लिहायलोय.

गोटी सोडा आठवा. बाटली बंद आहे तोवर गॅस पाण्यात गप बसलेला असतो, गोटी आत ढकलली की फस्स करून बाहेर. तेलवाले ह्याच्या उलटं करतात, कार्बन डायऑक्साइड दाबून तेलात घुसवतात म्हणजे तेल फुगतं, पातळ होतं आणि खडकाच्या बारीक छिद्रांत अडकून बसलेलं वाहायला लागतं. टेक्सासात सॅक्रॉक नावाच्या फील्डवर १९७२ ला हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. पण किती दाब द्यायचा? कमी दिला तर गॅस तेलाला बाजूला सारून नुसताच पुढं पळतो, पुरेसा दिला तर बुडबुड्याची कडाच राहत नाही, दोन्ही एक होऊन जातात, आणि दाब उगाच जास्त दिला तर कॉम्प्रेसरचा खर्च बोकांडी. त्यात हा गॅस ३१ अंशाच्या वर कितीही दाबा, द्रव होत नाही (आपल्याकडं एप्रिलात घरातसुद्धा एवढं तापमान असतं, तेलाच्या विहिरीत तर त्याहून किती तरी जास्त), म्हणजे तो धड गॅस नाही धड द्रव नाही असा मधलाच प्रकार होतो. हिशोब अवघड होतो तो इथं.

ह्या हिशोबाचं मूळ थेट १८७३ मध्ये. हॉलंडच्या व्हान डर वाल्सनं पीएचडीच्या प्रबंधात सांगितलं की गॅसच्या रेणूंना स्वतःचा आकार असतो आणि ते एकमेकांना ओढतात, गॅसचा दाब, आकारमान आणि तापमान जोडणाऱ्या समीकरणात ह्या दोन गोष्टी धरा. नोबेल मिळालं १९१० ला. त्याच समीकरणाला ठिगळं लावत लोक पुढं गेले, १९४९ ला रेडलिच आणि क्वाँग, १९७२ ला सोआवे, १९७६ ला कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे पेंग आणि रॉबिन्सन. पेंग-रॉबिन्सन आजही तेलाच्या जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सापडतं. कारण साधं आहे, समीकरण तिसऱ्या घाताचं आहे, आकारमानाची तीन उत्तरं निघाली तर मोठं गॅसचं, लहान द्रवाचं, मधलं सोडून द्यायचं, कॉम्प्युटरला पटकन जमतं. तेव्हाच्या मशीनवर लाखो वेळा तेच गणित सोडवायचं म्हटल्यावर हा गुण फार मोठा होता.

बुडबुड्याचं स्वतःचं गणित मात्र वेगळ्याच वाटेनं आलं. एपस्टाइन आणि प्लेसेट ह्या दोघांनी १९५० मध्ये दाखवलं की द्रवात स्थिर उभा असलेला बुडबुडा किती वेळात विरघळून जाईल. पृष्ठताणामुळं बुडबुडा जितका लहान होईल तितका आतला दाब वाढतो, म्हणून शेवटी शेवटी तो घाईघाईत संपतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. रेणू एकेक मोजून द्रव कसा वागतो हे कॉम्प्युटरवर खऱ्या अर्थानं दाखवलं अनिसुर रहमान ह्यांनी, १९६४ ला, अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत, ८६४ अणूंचा द्रवरूप आर्गॉन घेऊन (प्रयोगशाळा आर्गॉन, मूलद्रव्यही आर्गॉन, मराठीत लिहिलं की गोंधळ होतोच). तर हे रहमान हैदराबादचे, जन्म १९२७ चा. म्हणजे तेव्हा आपला मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता त्याच राज्यातले! १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ व्हायच्या आधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियालाच जोडलेली होती. हे नाव आपल्याकडं शाळेत कुणी सांगितलं नाही राव. अमेरिकेत त्यांच्या नावानं कॉम्प्युटेशनल फिजिक्सचं बक्षीस देतात.

पुतण्याचं प्रोजेक्ट रहमान ह्यांच्याच वाटेवरचं. तेलात हजारो संयुगं असतात, सगळी घेता येत नाहीत, म्हणून डेकेनसारखे (दहा कार्बनची साखळी असलेलं साधं संयुग) दोन-चार प्रतिनिधी घ्यायचे, कॉम्प्युटरमधल्या नॅनोमीटरच्या डब्यात गॅसचे रेणू सोडायचे, दाब वाढवत जायचं आणि मधली सीमारेषा कधी पुसली जाते ते बघायचं. पडताळायला लॅबमधला जुना प्रयोग आहेच, तेल भरलेल्या जाड काचेच्या नळीत खालून एक बुडबुडा सोडायचा, दाब कमी असला तर तो गोल राहून वर येतो, पुरेसा झाला की शेपूट फुटून वाटेतच विरतो. बारीक वाळू भरलेल्या लांब नळीतून तेल ढकलायचीही टेस्ट आहे, पण तिला दिवसच्या दिवस लागतात, म्हणून तर बरेच जण सिम्युलेशनकडं वळले.

पण अस्फाल्टीन म्हणून जो डांबरासारखा जड भाग तेलात असतो, तो हा गॅस मिसळला की कधी कधी गाळासारखा खाली बसतो आणि छिद्रं बुजवतो, डेकेनच्या डब्यात तो दिसणारच नाही. पुतण्याला म्हटलं, गाईडला आधी हेच विचार.