शहरी चर्चच्या सेवकांचे प्रशिक्षण: गोव्यातील भाषेच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

वास्को किंवा मडगाव येथील चर्चमध्ये सेवा करणाऱ्याला कोणत्या भाषेत घडवावे, हा प्रश्न गोव्याला नवा नाही. जुने गोवे येथे १५४१ साली एतद्देशीय तरुणांसाठी सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, निघाली, तेव्हा त्यांनी शिकून आपापल्या भाषेच्या लोकांत परतावे, हाच हेतू होता. पुढे १६१० साली जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे महाविद्यालय सासष्टीतील राशोलला आले आणि १६१६ साली तेथेच ‘क्रिस्तपुराण’ हे ख्रिस्तकथेचे काव्य छापले गेले. त्याची लिपी रोमन, पण ओव्या मराठी आणि त्यांत कोंकणी शब्दांची भर.

खरा गुंता आहे तो पोर्तुगीज सत्तेच्या १६८४ च्या हुकुमाचा. तीन वर्षांत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असे त्यात फर्मावले होते. भाषेवरचा घाला म्हणून हा हुकूम सर्वांना ठाऊक असतो, पण तो धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाशीही निगडित होता, याकडे फारसे लक्ष जात नाही. १६०६ च्या प्रांतिक धर्मपरिषदेने नेमका उलटा दंडक घातला होता: ज्याला लोकांची भाषा येत नाही, त्याच्याकडे पॅरिश, म्हणजे एका चर्चचा परिसर आणि तेथील भाविक, सोपवू नये. म्हणजे भाषा शिकण्याचे ओझे आधी व्हिगाराच्या, म्हणजे पॅरिशच्या धर्मगुरूच्या, खांद्यावर होते, ते पाऊणशे वर्षांत भाविकांच्या माथी आले. त्यामागे सत्तेचे राजकारण होतेच. पण लोकभाषा शिकण्याचा कंटाळा आलेल्या धर्मगुरूंची सोयही होती, हे झाकण्यात अर्थ नाही. हुकूम काही तीन वर्षांत अमलात आला नाही, वृत्ती मात्र मुरली.

१७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली, १८३५ मध्ये इतर धर्मसंघही बंद झाले आणि राशोलची सेमिनरी धर्मप्रांताकडे राहिली. तिच्यातून बाहेर पडणारा पाद्री मुख्यतः गावासाठी घडत असे. फेस्त (चर्चचा सण), कॉन्फ्रारी (भाविकांची मंडळे) आणि कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) हे त्याचे जग. बंदर आणि रेल्वे यांच्याभोवती वाढलेले वास्को त्या चौकटीत नीट बसत नव्हते. १९६१ नंतर कामासाठी आलेल्या कुटुंबांनी तेथे भाषांची आणखी भर घातली, आणि १९६५ साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने धर्मगुरूंच्या शिक्षणाचा आराखडा देशोदेशी स्वतंत्रपणे ठरवण्याची मुभा दिली.

प्रॉटेस्टंट मराठी मंडळ्यांचा, म्हणजे चर्चच्या भाविक समुदायांचा, पेच वेगळा आहे. त्यांचे सेवक ‘पाद्री’ नव्हेत, ‘पाळक’ म्हणवतात, आणि ‘मिनिस्ट्री’ला ‘सेवा’ म्हणतात. सरकारी मराठीतला ‘धर्मोपदेशक’ मात्र कोणाच्याच तोंडी नसतो. यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, तरी वर्गातली भाषा इंग्रजीच राहिली. त्यामुळे तेथे शिकून गोव्यात आलेला तरुण पाळक रविवारच्या संदेशाची टिपणे इंग्रजीत काढतो आणि उभ्याउभ्या मराठी करतो. बंदरावरच्या एखाद्या कामगाराच्या दफनविधीत काय म्हणायचे, हे मात्र त्याला मंडळीतल्या वृद्ध बायाच सांगतात.