कर्दळीचा आडोसा

कोल्हापुरात राजारामपुरी असो, रुईकर कॉलनी असो नाहीतर कसबा बावडा, बैठ्या घरांशेजारी तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आणि अंगण, परस, गच्ची या जागा उघड्या पडल्या. सकाळी चहा घेऊन बाहेर बसावं, वाळवण घालावं, तर वरच्या गॅलरीतून कुणाची ना कुणाची नजर असतेच. मग लोक पत्रा ठोकतात किंवा हिरवी शेडनेट ताणतात. पत्रा वारा अडवतो आणि उन्हाळ्यात तापतो, शेडनेट उन्हाने विरून फाटते. माझ्या मते कोल्हापूरच्या हवेत उंच कर्दळीइतका झटपट, स्वस्त आणि देखणा आडोसा दुसरा नाही. मात्र ती जमिनीखाली कशी वाढते हे समजून लावली पाहिजे. नाहीतर पावसाळ्यात दाट दिसलेली कर्दळ दिवाळीनंतर विरळ होते आणि दोष झाडावर जातो.

आधी उंचीचा हिशेब करू. शाळेतले समरूप त्रिकोण इथे कामाला येतात. समजा, खुर्चीत बसल्यावर तुमचे डोळे जमिनीपासून ४ फुटांवर आहेत. समोर पहिल्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे १६ फुटांवर, आणि दोघांमधलं आडवं अंतर २० फूट. त्याची नजर तुमच्यापर्यंत येताना १२ फूट खाली उतरते, म्हणजे दर फुटाला सात इंचांहून थोडी जास्त. तुमच्यापासून १५ फुटांवर, कुंपणाशी झाडं लावली, तर तिथे ती नजर १३ फुटांवरून निघून जाते. एवढी उंच कर्दळ मिळणार नाही. तीच झाडं कुंडीत लावून खुर्चीपासून ३ फुटांवर ठेवली, तर नजर तिथे पावणेसहा फुटांच्या आसपास आलेली असते आणि कुंडीसकट सात फूट भरणारी कर्दळ ती सहज अडवते. रस्त्यावरून जाणाऱ्यांची नजर सपाट येते, तिच्यासाठी कुंपणालगतची जमीन उत्तम. वरून येणारी नजर अडवायची असेल तर आडोसा बसायच्या जागेच्या जवळ हवा, आणि तिथे कुंड्यांना तोड नाही.

आता कोणती कर्दळ? नर्सरीत ‘हायब्रीड कर्दळ’ मागितली की बहुतेक वेळा दोन-तीन फुटांत फुलणारं रोप हातात पडतं. त्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. कर्दळीच्या रानटी जाती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातल्या. तिथून ती जगभर गेली. फ्रान्समध्ये १८४० च्या दशकात तेओदोर आने यांनी तिचे संकर सुरू केले, तेव्हा लोकांना हवी होती उंची आणि भरघोस पानं. पुढे लियाँ शहरातल्या क्रोझी यांनी मोठ्या फुलांच्या ठेंगण्या जाती तयार केल्या आणि बागांची आवडच बदलली. आज रस्त्याच्या दुभाजकात दिसते ती याच ठेंगण्या घराण्यातली. आडोशासाठी आपल्याला जुनं, उंच घराणं हवं: खेड्यातल्या परसात असते ती बारीक लाल फुलांची देशी म्हणून ओळखली जाणारी कर्दळ, तांबूस-जांभळ्या पानांच्या उंच जाती, पिवळ्या रेघांची ‘बेंगाल टायगर’, किंवा केळीसारख्या रुंद पानांची ‘म्युसिफोलिया’. निवडीची एक खात्रीची खूण सांगतो. फुललेलं झाड बघून घ्या. फुलोरा आलेलं खोड पानांनी आणखी वर जात नाही. जी कर्दळ चांगल्या जमिनीत, भर उन्हात दोन फुटांवर फुलली आहे, ती तुमच्याकडेही जवळपास तेवढीच राहणार.

या खुणेचं कारण कर्दळीच्या वाढीत आहे. आलं आणि हळद यांच्याप्रमाणे कर्दळीचा कंद म्हणजे जमिनीखाली आडवं वाढणारं खोड. आलं, हळद, केळ आणि कर्दळ एकाच गणातली. कंदावरचा डोळा फुटतो, कोंब वर येतो, एकामागून एक पानं उलगडतात आणि शेवटी टोकाला फुलोरा येतो. फुलोरा आला की त्या खोडाचं पान देणं संपतं. त्याच दांड्यावर बाजूने आणखी एक-दोन तुरे येतात, मग खोड पिवळं पडून वाळतं. तोवर कंदाने शेजारी नवे डोळे फोडलेले असतात. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना फुटवे म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. कर्दळीचं बेटही तसंच फुटव्यांनी भरतं. मात्र ऊस आपण एका दिवसात तोडून नेतो आणि त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, म्हणजे खोडवा, ठेवतो. आडोशाच्या कर्दळीत नेमकं हेच करायचं नाही. सगळी खोडं एकदम छाटली तर पुढचे दोन-तीन महिने तुम्ही उघड्यावर. ज्याचा शेवटचा तुरा संपला तेवढंच खोड जमिनीलगत कापायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. अर्ध्यावर तर मुळीच कापू नका, कारण तो बुंधा पुन्हा पानं देत नाही आणि नव्या कोंबांची जागा अडवून बसतो. ही कापणी दर पंधरवड्याला थोडी-थोडी चालू ठेवली की बेटात गुडघ्याएवढे, कमरेएवढे आणि डोक्यावर गेलेले असे सगळ्या वयाचे दांडे एकाच वेळी राहतात. कर्दळीची खोडं म्हातारी होऊ लागली की बुडाशी उघडी पडतात. तिथे ही लहान मंडळी जागा भरून काढतात.

थंडीपूर्वी कंद काढून कोरड्या जागी ठेवावेत, असा सल्ला इंटरनेटवर वारंवार वाचायला मिळतो. तो जिथे जमीन गोठते त्या देशांसाठी आहे. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, एवढंच. त्या दिवसांत नवे कोंब हळू येतात, म्हणून थंडीच्या तोंडावर जास्त खोडं कापू नयेत.

फुलाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. कर्दळीच्या ज्या भागांना आपण पाकळ्या समजतो, ते खरं तर वांझ पुंकेसर, म्हणजे फुलाचे पराग न देणारे नर-भाग आहेत, पसरट आणि रंगीत झालेले. खऱ्या पाकळ्या तीन, अरुंद, खाली दडलेल्या. कामाचा पुंकेसर एकच, आणि त्याचीही अर्धी बाजूच पराग तयार करते. फूल उमलण्याआधीच हे पराग शेजारच्या चपट्या कुक्षिवृंतावर, म्हणजे फुलाच्या स्त्री-भागाच्या दांड्यावर, जाऊन बसतात आणि तिथून ते फुलावर येणाऱ्या कीटक-पाखरांच्या अंगाला लागतात. एक फूल उभं कापून भिंगाखाली बघा, मुलांनाही दाखवा.

जमिनीत लावायची तर मे अखेर ते जून हा काळ चांगला. दोन-तीन डोळे असलेला कंदाचा तुकडा, डोळे वर करून, चार इंच खोल लावा. दोन तुकड्यांत दीड-दोन फूट अंतर, आणि एका ओळीऐवजी दोन ओळी, दुसऱ्या ओळीतलं झाड पहिल्या ओळीतल्या फटीसमोर येईल अशी. दिवसाचं सहा तास ऊन आणि भरपूर शेणखत मिळालं तर तीनेक महिन्यांत आडोसा उभा राहतो. सावलीत झाड जगतं, पण लुकडं होतं.

पाण्याच्या बाबतीत कर्दळ फार उदार आहे. आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर कर्दळ, केळ, अळू लावायची पद्धत जुनीच, आणि तिच्यामागचं विज्ञान भक्कम आहे. कर्दळीच्या अंगात हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून प्राणवायू मुळांपर्यंत पोचतो, म्हणून मुळं चिखलातही गुदमरत नाहीत. त्यातला थोडा प्राणवायू मुळांभोवती झिरपतो आणि तिथले सूक्ष्मजीव पाण्यातली घाण कुजवतात. नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेल्या ‘फायटोरिड’ या सांडपाणी शुद्धीकरणाच्या पद्धतीतही कर्दळ वापरतात. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी खडी-वाळूच्या चरातून कुंपणालगतच्या कर्दळीला दिलं तर आडोसा मेमध्येही हिरवा राहील. पाणी जमिनीत मुरलं पाहिजे, वर डबकं साचता कामा नये. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड मात्र त्या पाण्यात जाऊ देऊ नका.

कुंडीत हिशेब बदलतो. रुंद पानं वारा धरतात आणि सगळं वजन वर असतं, म्हणून हलकी प्लॅस्टिकची कुंडी आषाढातल्या वाऱ्यात आडवी होते. किमान दीड फूट रुंद आणि तेवढीच खोल, बुडाशी जड कुंडी घ्या. दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापला तर फारच छान. पण ओल्या मातीने भरलेला असा अर्धा ड्रम दीडशे किलोच्या आसपास जातो. गच्चीवर तो स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली भिंत किंवा तुळई असेल तिथे ठेवावा, आणि जुनी इमारत असेल तर ओळीने ड्रम मांडण्याआधी इंजिनिअरला विचारावं. माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घेतलं की वजन उतरतं. मर्यादित मातीतलं अन्न ही भुकेली कर्दळ लवकर संपवते, म्हणून महिन्यातून एकदा खत हवंच. एप्रिल-मेमध्ये पाणी दोन वेळा. कुंडीखाली थाळी ठेवली असेल तर ती आठवड्याला ओतून घासा, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यातून पंखांपर्यंत जायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

पावसाळ्यात शंखी गोगलगायी येतात. रात्री बॅटरी घेऊन वेचणं आणि मिठाच्या पाण्यात टाकणं हाच खात्रीचा उपाय. पानांच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा हा बुरशीचा रोग, ती पानं काढून जाळा. खरी भीती विषाणूची आहे. पानांवर शिरांच्या दिशेने पिवळट रेघा किंवा ठिपके उमटतात, पान वेडंवाकडं होतं, फुलांच्या रंगात पट्टे पडतात. याला औषध नाही, आणि कंदाच्या तुकड्याबरोबर रोग एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. कुणी प्रेमाने कंद दिला तरी आधी तो ज्या झाडाचा आहे त्याच्या पानांकडे नीट बघा. ‘बेंगाल टायगर’च्या रेघा जातीच्याच, त्या सगळ्या पानांवर एकसारख्या आणि स्वच्छ असतात.

बियांपासून लावून बघायची हौस असेल तर देशी कर्दळीचं काळं, गोल बी घ्या. अनेक संकरित जातींत गुणसूत्रांचे नेहमीच्या दोनऐवजी तीन संच असतात आणि त्यांना बी धरतच नाही. हे बी इतकं टणक की पाणी आत शिरत नाही; कानशीने साल थोडी घासून, कोमट पाण्यात दिवसभर भिजवून पेरावं लागतं. अर्जेंटिनात जुन्या थडग्यात अक्रोडाच्या कवचाचा एक खुळखुळा सापडला. त्यातलं कर्दळीचं बी सुमारे ६०० वर्षांनी रुजलं.

दर तीन वर्षांनी बेट मधोमध दाटतं आणि कोंब बारीक येऊ लागतात. तेव्हा एका वर्षी एक बाजू आणि पुढच्या वर्षी दुसरी, असं खणून कंद मोकळे करावेत, म्हणजे आडोसा मोडत नाही. उरलेले कंद जयंती नाल्यात किंवा ओढ्याकाठी टाकू नका. कर्दळीला ओल पुरते. एक तुकडा वाहत जाऊन जिथे अडकेल तिथे ती बेट करते आणि काठावरच्या स्थानिक वनस्पतींची जागा घेते. कंद चिरून उन्हात कडक वाळवावेत आणि मगच खताच्या खड्ड्यात टाकावेत.