साबणाच्या वडीवरचे नारिंगी ठिपके

ठिपका आधी मोहरीएवढा असतो, फिकट पिवळा. हळूहळू तो नारिंगी होत जातो, बोट लावलं तर जरा चिकट लागतो, आणि वडी नाकाशी नेली की शिळ्या फरसाणाचा वास येतो. तेल खवट झाल्याची ही खूण. घरी साबण करणाऱ्यांना हा ठिपका चांगला ओळखीचा आहे. बहुतेक जण खापर पावसाळ्यावर फोडतात. खरं तर निम्म्याहून अधिक निकाल तेलं मोजतानाच लागलेला असतो.

फरसाणाचा वास येतो तो उगाच नाही. दोन्हीकडे तेच तेल तसंच बिघडतं. करडई, सोयाबीन आणि साध्या सूर्यफुलाच्या तेलात लिनोलिक आम्ल, म्हणजे तेलाचा एक घटक, भरपूर असतं. त्याच्या कार्बनच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि त्यांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल असतो. तो निसटला की हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, आणि असा ऑक्सिजन चिकटलेला रेणू शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो. मग शेजाऱ्याची तीच गत, आणि बिघाडाची साखळीच सुरू होते. यातून बनलेली हायड्रोपेरॉक्साइडं पुढे फुटतात आणि हेक्झानलसारखी उग्र वासाची अल्डिहाइडं तयार होतात. तेलातल्याच दुसऱ्या घटकात, ओलिक आम्लात, दुहेरी बंध एकच, त्यामुळे त्याचा बिघाड किमान दहापट संथ. खोबरेल तर सुमारे 90 टक्के संपृक्त, म्हणजे दुहेरी बंधांशिवायचं; तिथे ऑक्सिजनला फारसा वावच नाही.

कॉस्टिक सोड्याशी संयोग होऊन तेलाचा साबण झाला तरीही लिनोलिकचे दुहेरी बंध जागच्या जागी राहतात. म्हणून ‘मऊपणासाठी ठेवलेलं 5 टक्के जादा तेलच खवट होतं’ हे अर्धंच खरं. ते आधी बिघडतं, पण त्याच्या मागोमाग साबणही बिघडू शकतो. जादा तेल कमी करून भागत नाही.

आता हिशेब पाहा. किलोभर तेलात 400 ग्रॅम करडई घातली, तर एकट्या करडईतून जवळजवळ 300 ग्रॅम लिनोलिक येतं, म्हणजे 30 टक्के. अनुभवी साबण करणारे लिनोलिक आणि लिनोलेनिक (यात दुहेरी बंध तीन) मिळून 15 टक्क्यांच्या आत ठेवतात. करडई 100 ग्रॅमवर आणली तर तिचा वाटा साडेसात टक्क्यांवर येतो. जवसाचं तेल मात्र साबणात नकोच. ते हवेत वाळतं म्हणून तर रंगात वापरतात. करडई आणि सूर्यफुलाची जास्त ओलिकची वाणंही निघाली आहेत, त्यांचं तेल मिळालं तर हा प्रश्न बराचसा मिटतो. घाण्याचं तेल घेणार असाल तर ताजं घ्या. ‘नैसर्गिक’ म्हणून वर्षभर गॅसशेजारी ठेवलेला डबा साबणासाठी उघडण्यात अर्थ नाही.

दुसरा गुन्हेगार धातू. लोह आणि तांबं अगदी अल्प प्रमाणात असलं तरी हायड्रोपेरॉक्साइडं फोडून नव्या साखळ्या सुरू करतं. ते येतं बोअरच्या पाण्यातून, तांब्याच्या भांड्यातून, वड्या वाळवायच्या जाळीतून. कधी कधी ठिपके जाळीच्या रेषेतच उमटलेले दिसतात, तेव्हा तपास संपला म्हणायचा! म्हणून पाणी डिस्टिल्ड घ्यावं आणि वड्या प्लास्टिकच्या जाळीवर ठेवाव्यात. भांडं स्टीलचं हवं. जर्मनच्या पातेल्यात सोडा ओतला तर तो ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सुटतो.

धातूला बांधून ठेवायचा स्वस्त उपाय म्हणजे सायट्रेट. किलोभर तेलामागे 10 ग्रॅम लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवा. ते सोडा खाऊन सायट्रेट बनतं, म्हणून नेहमीच्या सोड्यात सव्वासहा ग्रॅमची भर घाला, नाहीतर साबणात तेल जास्त उरेल. विकतच्या साबणाच्या वेष्टनावर ईडीटीए किंवा एटिड्रॉनिक ॲसिड लिहिलेलं असतं, तेही याच कामासाठी.

जोडीला ऑक्सिजनचा बिघाड रोखणारा अँटिऑक्सिडंट म्हणून रोझमेरीचा ओलिओरेझिन अर्क, किलोला ग्रॅमभर, थेट तेलात. रोझमेरीचं सुगंधी तेल वेगळं, त्याच्यावर विसंबू नका. व्हिटॅमिन ईवर माझा भरवसा नाही. तेलात ते मुळातच असतं आणि तरीही तेल खवट होतंच. जंतुरोधक घालणं तर निव्वळ वाया. वडीचा पीएच 9-10 असतो, त्यात जंतू सहसा वाढत नाहीत आणि खवटपणा काही जंतूंमुळे येत नाही. अँटिऑक्सिडंटनेही खवट झालेलं तेल पुन्हा ताजं होत नाही, तेव्हा ते पहिल्या दिवसापासून हवं.

पावसाळ्याला पूर्ण सोडू नये. साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, कोकणात-मुंबईत वड्यांना घाम सुटतो. घाम म्हणजे खवटपणा नव्हे, पण ओलसर वडी धातूच्या जाळीवर असली की बिघाडाला निमित्त मिळतं. चार ते सहा आठवडे मोकळ्या हवेत, उन्हापासून दूर वाळवून मग गुंडाळा.

ठिपके आलेली वडी स्वच्छतेच्या कामाला चालते. वास सोसवला तर हातही धुवा, पण संवेदनशील त्वचेला टाळा. बादल्या, पायपुसणी, ओट्यासाठी ती उत्तम. फक्त किसून साबणाच्या नव्या घाण्यात घालू नका. आत हायड्रोपेरॉक्साइडं तयारच असतात, आणि नव्या साबणातली साखळी त्यांच्यापासूनच सुरू होते.