डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी: कोण राहत होतं, आणि ते कुठे नोंदलंय?

मुंबईतल्या ना. म. जोशी मार्गाला जुनी माणसं आजही डिलाईल रोडच म्हणतात. या रस्त्यावरच्या ३२ बीडीडी चाळी टप्प्याटप्प्याने पाडल्या जाताहेत आणि त्या जागी टॉवर येताहेत. चाळ पडली की तिथे कोण राहत होतं याचा पुरावा कागदांत शोधावा लागतो. म्हणून या चाळी कशा झाल्या, त्यांत माणसं कशी राहिली आणि त्यातलं किती कागदावर उतरलं, हे नीट मांडायला हवं.

आधी एक गोंधळ दूर करू. बीआयटी चाळी वेगळ्या आणि बीडीडी चाळी वेगळ्या. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बांधल्या त्या बीआयटी चाळी. डॉ. आंबेडकर परळच्या पोयबावडीत ज्या चाळीत राहत, ती बीआयटीची. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात १९२० मध्ये हे खातं सुरू झालं. आठ वर्षांत कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या आणि त्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर घ्यायचा, अशी योजना होती. पहिल्या महायुद्धानंतर बांधकाम महागलं आणि योजना मध्येच गुंडाळली गेली. उभ्या राहिल्या २०७ चाळी: वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीत १२. एका चाळीत ८० खोल्या, म्हणजे एकूण साडेसोळा हजारांच्या आसपास. ठरवलेल्याच्या एक तृतीयांश.

सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या. गिरणीच्या जवळ, बाजाराच्या जवळ, आपल्या गावच्या माणसांच्या शेजारी राहायचं, ही कामगाराची गरज. नव्या वसाहतीत ते काही नव्हतं, वर भाडंही परवडत नव्हतं. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. 'या चाळी तुरुंग म्हणूनच बांधल्या' ही दंतकथा त्यातून निघाली. ती खरी नाही, पण ती का पटते हे आत गेल्यावर कळतं. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध अंधारी बोळ आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. गिरगावच्या चाळीची उघडी गॅलरी इथे नाही. दिवसासुद्धा पॅसेजमध्ये दिवा लावावा लागे. संडास मजल्यावर सामाईक.

खोली १६० चौरस फुटांची. मोरी, ओटा आणि वर पोटमाळा. कुटुंबाच्या खोलीत पाच-सात माणसं असत. पण या रस्त्याची खरी ओळख गाळ्यांमुळे. गाळा म्हणजे एका गावच्या पुरुषांनी मिळून चालवलेली खोली. आजरा, चंदगड, गडहिंग्लजकडची माणसं अशा गाळ्यांत राहिली. कोकणातल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्याही याच पद्धतीच्या. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि कपड्यांसाठी दोरीवर ठरलेली जागा. जेवण खानावळीत. महिन्याचं भाडं डोई वाटून भरायचं.

हे गणित कसं बसत होतं? २४ माणसांचा गाळा धरा. माणूस आडवा व्हायला सहा बाय अडीच फूट, म्हणजे १५ चौरस फूट लागतात. गिरणीच्या तीन पाळ्या होत्या: सकाळी सातपासून, दुपारी साडेतीनपासून आणि रात्री बारापासून. तिन्ही पाळ्यांत सारखी विभागणी झाली तर प्रत्येक पाळीत आठ जण. 'पाळीपाळीने झोपत, म्हणून मावत' असं सरसकट सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. रात्रपाळीवाले दिवसा आरामात पसरत, त्यांना १२० चौरस फूट पुरे. पण दुसरी पाळी मध्यरात्री सुटली की पहिली आणि दुसरी मिळून १६ जण एकाच वेळी झोपणार, त्यांना २४० चौरस फूट हवेत. खोली १६०ची, त्यातली मोरी आणि ट्रंका वजा करायच्या. उरलेली माणसं पॅसेजमध्ये, गच्चीवर, फुटपाथवर झोपत. पावसाळ्यात गच्ची आणि फुटपाथ दोन्ही बंद, म्हणून पॅसेजमधल्या जागेवरून वाद होत.

आता कागदाकडे येऊ. या चाळींचा कारभार सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि भाडेपावती एका नावाची. गाळ्यात २४ जण राहिले तरी पावतीवर नाव एकाचंच. बाकीचे २३ त्या पत्त्यावर वीस-तीस वर्षं जगले आणि तिथल्या दप्तरात त्यांचा मागमूस नाही. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. तेव्हा गावी परतलेल्यांमध्ये हेच २३ जण जास्त होते.

आपले आजोबा-वडील इथे राहत होते का, हे शोधायचं तर भाडेपावतीवर थांबू नये. गिरणीचा तिकीट नंबर, हजेरी पास, कामगार विम्याचं कार्ड, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, सेवेचा दाखला हे गावच्या ट्रंकेत सापडतात. १ जानेवारी १९८२ किंवा त्यानंतर जे गिरणीच्या पटावर होते, त्यांच्या घरांच्या अर्जांनाही हेच कागद लागले. नेहमी अडतं ते नावावर: गिरणीत 'बाळू', गावच्या सातबाऱ्यावर 'बाळकृष्ण', आडनावाच्या जागी कधी वडिलांचं नाव. दोन्ही नावांचा एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलेलं बरं.

चाळी पाडाव्या लागल्या त्याचं कारणही खरं आहे, नुसती बिल्डरांची घाई नव्हे. समुद्राजवळची खारी हवा आणि शंभर वर्षांचं काँक्रीट. मोरीचं पाणी स्लॅबमध्ये मुरतं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट पोपड्यासारखं सुटतं. बहुतेक घरांनी त्यावर नुसता गिलावा केला. आतला गंज तसाच राहिल्याने काही पावसाळ्यांत तोही पडे. वर पोटमाळे, पाण्याच्या टाक्या, मोरीला लादीवर लादी, असं वजन वाढतच गेलं.

पुनर्विकास म्हाडाकडे आहे. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने त्या मागे राहिल्या. पात्र कुटुंबाला १६०च्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मोफत. वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. ज्यांनी चार पिढ्या पॅसेजमध्ये काढल्या, त्यांच्या दाराआड स्वतःचा संडास आला, याचं मोल बाहेरच्यांनी कमी लेखू नये. पोलिसांच्या सेवानिवासस्थानांचा प्रश्न वेगळा होता, कारण तिथे खोली नोकरीबरोबर जाणारी. त्यांच्यासाठी घराची किंमत आधी ५० लाख सांगितली गेली, मग २५ आणि २०२२ मध्ये १५ लाख ठरली. त्याच वर्षी डिलाईल रोडच्या वसाहतीला राजीव गांधी नगर हे नाव जाहीर झालं.

पात्रतेचा आधार मात्र खोलीच्या नावाचे कागद. गाळ्यातल्या माणसाला तिथे जागा नाही. त्याची यादी असलीच तर गावच्या ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीच्या वहीत: नाव, महिना, रक्कम, सही किंवा अंगठा. काही मंडळांकडे या वह्या अजून आहेत. खोली रिकामी करताना त्या रद्दीत जातात. त्या आधी बाहेर काढाव्यात, प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा आणि फोटोबरोबर चाळ क्रमांक व खोली क्रमांक लिहून ठेवावा, कारण वहीत पत्ता बहुधा नसतो, 'मुंबई खोली' एवढंच असतं.