अंतःकरणाची उपासना (ख्रिस्ती धर्म)

धर्मरूढी आणि मनाचा खरेपणा यांच्यातील ताण दाखवणारी ख्रिस्ती संकल्पना. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, उपवास, ठरावीक प्रार्थना यांच्यामागे श्रद्धा आहे की नुसती सवय, हा तिचा मूळ प्रश्न.

याचा सर्वांत ठळक प्रसंग मार्ककृत शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायात येतो. शिष्य हात न धुता जेवतात म्हणून परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक, येशूकडे तक्रार करतात. (तक्रार स्वच्छतेची नाही, सोवळ्याची आहे, मराठी वाचकाला हे वेगळे समजवावे लागत नाही.) येशू यशया संदेष्ट्याचा दाखला देतो: हे लोक मान देतात तो ओठांनी, मन दूरच असते. मग तो ‘कुर्बान’कडे वळतो. एखादी वस्तू कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलेली, असे एकदा म्हटले की तिच्यातून आईबापांना काही द्यावे लागत नसे. रूढीच्या आडून कर्तव्य टाळणे, हे त्याला खटकते. तो स्वतः सभास्थानात, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, जाई, वल्हांडण हा यहुदी सण पाळी. तेव्हा त्याने सगळे विधी मोडीत काढले, हा सोपा अर्थ टिकत नाही.

पुढच्या वादांत ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने विधीचा प्रभाव पुरोहिताच्या शीलावर अवलंबून नसतो अशी बाजू घेतली. 1517 नंतर प्रॉटेस्टंटांनी शास्त्राला, म्हणजे बायबलला, परंपरेच्या वर बसवले. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने 1546 मध्ये दोघांना सारखाच मान दिला.

सोलापुरात हा प्रश्न अमेरिकन मराठी मिशनबरोबर आला. हे मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी (चर्चचा समुदाय) आपला कारभार आपणच पाहते अशा प्रॉटेस्टंट पंथाच्या वळणाचे. सभासद होण्याआधी मंडळीपुढे आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची, ही त्या पंथाची जुनी चाल. साक्ष मनातून यावी हा हेतू; पण वर्षानुवर्षे ऐकून तिचीही वाक्ये पाठ होतात आणि मनाची भाषाच रूढी बनते.

या जिल्ह्याला असा विचार नवा नव्हता. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, हा दृष्टांत देणारे चोखोबा मंगळवेढ्याचे. त्यांची समाधी पंढरपुरात, विठ्ठलाच्या महाद्वाराशी. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत. अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजवले. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मराठी ख्रिस्ती इतिहासात या प्रश्नाला इतके धीट उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

मराठी मंडळ्यांच्या हंगामाच्या सणात हा ताण आजही डोळ्यांनी दिसतो. वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा असे उत्पन्न मांडतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. दहा रुपयांचे लिंबू पाचशेला जाते. घेणारा कधी तेच लिंबू पुन्हा लिलावात टाकतो, टाळ्या पडतात. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, हे वचन सगळ्यांना पाठ असते. मागच्या बाकावरची एखादी म्हातारी मात्र पदराच्या गाठीतली नोट घडी करून दानपेटीत टाकते आणि लिलाव संपायच्या आत निघून जाते.